पिकतें तेथें विकत कां नाहीं?

खानदेशच्या बाजारपेठांत दरवर्षीं एकच फिर्याद ऐकूं येते. दिवाळीच्या सुमारास जळगांव, अमळनेर, धुळें, शिरपूर या भागांत कापसाच्या गाड्या जिनांच्या दारीं लागूं लागल्या म्हणजे शेतकरी म्हणतो, व्यापाऱ्यानें भाव पाडला. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत केळीची कापणी जोरांत आली म्हणजे तीच तक्रार केळीवाला करतो. व्यापारी आपल्या परीनें उत्तर देतो कीं, आम्ही काय करणार, बाजार वरूनच पडला. 'वरून' म्हणजे कोठून, हें मात्र तो सांगत नाहीं. आणि शेवटीं दोघेही सरकारकडे तोंड करून उभे राहतात. एकानें दुसऱ्यास चोर म्हणावें, दुसऱ्यानें दैवाकडे बोट दाखवावें आणि तिसऱ्यापुढें दोघांनींही हात पसरावे, या रीतीनें आमच्या पिढ्या गेल्या. भाव ठरतो कसा, हा साधा प्रश्न शांतपणें विचारण्याची संवय मात्र आम्हांस लागली नाहीं. लोकहितवादींनीं 'लक्ष्मीज्ञान' हें पुस्तक लिहून हें शास्त्र मराठी वाचकांपुढें मांडलें तें १८४९ सालीं. त्यास पावणेदोनशें वर्षें झालीं. एवढ्या काळांत ज्या शास्त्राचीं मूलतत्त्वें प्रत्येक दुकानदाराच्या व कास्तकाराच्या जिभेवर असावयास हवीं होतीं, तीं अद्याप शाळेच्या परीक्षेपुरतींच राहिलीं आहेत. म्हणून तीं आज आमच्याच बाजारांतील उदाहरणें घेऊन तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला गैरसमज असा कीं, मालास जितका खर्च आला तितकी त्याची किंमत आलीच पाहिजे. ही अपेक्षा न्यायाची आहे, पण बाजार तिच्यावर चालत नाहीं. गिऱ्हाईक केळें विकत घेतांना बागेस खत किती घातलें हें विचारीत नाहीं. आपणांस त्या केळ्याची गरज किती व दुसरीकडे तें कितीस मिळतें एवढेंच तें पाहतें. मग खर्चाचा भावाशीं कांहींच संबंध नाहीं काय? आहे, पण तो मागच्या दारानें व उशिरां येतो. ज्या मालांत खर्च भरून निघत नाहीं तो पुढील सालीं कमी लोक पेरतात, पुरवठा घटतो, आणि मग भाव वर सरकतो. आजच्या तोट्याची भरपाई त्यानें होत नाहीं. ज्याचें नुकसान झालें तो एक आणि पुढच्या सालचा चढा भाव घेणारा दुसरा, असें पुष्कळदां घडतें.

तर मग आजचा भाव कशानें ठरतो? समजा, दिल्लीच्या बाजारांत एके दिवशीं केळीच्या शंभर गाड्या आल्या. ज्यांच्या घरीं उपास आहे, आजारी माणूस आहे, लग्नकार्य आहे, अशीं गिऱ्हाइकें पहिल्या कांहीं गाड्यांचा माल चढ्या भावानेंही घेतील. परंतु शंभरावी गाडी रिकामी करावयाची तर, ज्यास केळें घेतलें काय आणि न घेतलें काय सारखेंच, अशा गिऱ्हाइकासही मोह पडेल इतका भाव उतरावा लागतो. आणि एका बाजारांत एकाच प्रतीच्या मालास दोन भाव फार वेळ टिकत नाहींत; म्हणून शंभराव्या गाडीस जो भाव मिळेल तोच पहिल्या गाडीसही घ्यावा लागतो. शास्त्रकार यास 'सीमान्त उपयुक्तता' असें जड नांव देतात. पाण्यावांचून प्राण जातो, तरी भरल्या तापीच्या कांठीं घागरभर पाण्यास कोणी पैसा देत नाहीं. आणि सोन्यावांचून कोणाचा जीव जात नसतां जळगांवच्या सराफ्यांत त्याचा कण न् कण तोलला जातो, याचें कारणही हेंच. वस्तूची एकंदर योग्यता भाव ठरवीत नाहीं. तिचा शेवटचा भाग घेणाऱ्याची निकड भाव ठरविते. आमच्या पूर्वजांनीं हें सारें शास्त्र 'पिकतें तेथें विकत नाहीं' या चार शब्दांत सांगून ठेविलें आहे. जेथें पिकतें तेथें तो माल सर्वांच्याच घरीं असतो, मग शेवटच्या घडास निकडीचें गिऱ्हाईक कोठून येणार?

कापसाची गोष्ट किंचित् निराळी आहे. कापूस जसाच्या तसा कोणी खात नाहीं कीं अंगावर घालीत नाहीं. त्याची मागणी सुताच्या व कापडाच्या मागणीपासून जन्मते. शंभर किलो कापूस जिनांत घातला तर सुमारें चौतीस-पस्तीस किलो रुई निघते व बाकीची बहुतेक सरकी. जिनवाला रुईचा खंडीचा भाव पाहतो (खंडी म्हणजे सुमारें ३५६ किलो), त्यांत सरकीचे पैसे मिळवितो, त्यांतून जिन चालविण्याचा खर्च, मजुरी, गाडीभाडें, व्याज व आपला नफा वजा करतो, आणि जें उरेल तें कापसास देऊं करतो. सरकीच्या तेलास व ढेपेस उठाव नसेल तर सुताच्या गिरण्या जोरांत चालल्या असतांही कापसाचा भाव ढिला पडतो. ज्या शेतकऱ्यानें रुई व सरकी या दोहोंचे भाव वाचून हें गणित घरीं मांडलें, त्यास जिनाच्या दारांत कोणी सहसा फसवूं शकत नाहीं. हें गणित चौथ्या इयत्तेचें आहे. तें आम्ही मांडीत नाहीं, हीच आमची हानि.

हा 'वरचा बाजार' खानदेशाच्या पूर्ण प्रत्ययास आला तो १८६१ नंतर. त्या सालीं अमेरिकेंत उत्तर व दक्षिण संस्थानांमध्यें यादवी युद्ध जुंपलें, दक्षिणेचीं बंदरें उत्तरेच्या आरमारानें रोखलीं, आणि जेथून इंग्लंडच्या गिरण्यांस तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस मिळत असे तो झरा आटला. गिरण्यांस कापूस हवाच होता. तो कोठून आणावयाचा एवढाच प्रश्न होता. चढलेला भाव मुंबईवाटें खानदेशांत व वऱ्हाडांत येऊन पोंचला. त्याच दशकांत आगगाडीही खानदेशांत आली. आणि शेतकऱ्यानें हातच्या जमिनींत होईल तितका कापूस लाविला. १८६५ सालीं युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस पुन्हां निघण्याचीं चिन्हें दिसूं लागलीं, आणि त्याच वर्षीं १ जुलै रोजीं मुंबईंतील सट्ट्याचा मनोरा कोसळला. खानदेशांतील कुणब्यानें अमेरिकेचें कांहीं बिघडविलें नव्हतें, कीं अमेरिकेनें खानदेशावर डूख धरला नव्हता. भाव ही दूरदेशची बातमी असते. चढतो तेव्हां 'अधिक पेरा' अशी बातमी, उतरतो तेव्हां 'हात आंखडा' अशी बातमी. दोष बातमीचा नव्हे. परंतु चढत्या भावाच्या भरंवशावर काढलेलें कर्ज भाव उतरल्याबरोबर उतरत नाहीं, हा धडा त्या वेळीं मिळाला. पुणें व नगर जिल्ह्यांत १८७५ सालीं सावकारांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांच्या कारणांत या चढउताराचीही गणना केली जाते. दीडशें वर्षांनंतरही तेजीच्या सालांत बंगला व मोटार आणि मंदीच्या सालांत गहाणखत, हा क्रम आम्ही सोडलेला नाहीं.

आतां कापूस व केळें यांतील खरा भेद पाहूं. दोहोंवर नियम एकच चालतो, पण कालाचें बळ निराळें आहे. केळीची लागवड केल्यापासून घड हातीं येण्यास सुमारें अकरा-बारा महिने लागतात. मृगबाग असो कीं कांदेबाग, लावतांना जो भाव पाहिला तो कापतांना असेलच असा नियम नाहीं. भाव चढा पाहून एकाच वर्षीं सर्वांनीं खोडें लाविलीं तर पुढच्या वर्षीं सर्वांचे घड एकदम तयार होतात व भाव कोसळतो. कोसळला म्हणून सर्वांनीं बागा मोडल्या तर त्यापुढच्या वर्षीं माल दुर्मिळ होऊन भाव पुन्हां भडकतो. हा रहाटगाडगा कोणा एकाच्या दुष्टपणानें फिरत नाहीं. मागच्या भावाकडे पाहून पुढचें पीक ठरविणाऱ्या आम्हां सर्वांच्या हातांनीं तो फिरतो. आणि तयार झालेला घड तर थांबतच नाहीं. आज कापला नाहीं तर चार दिवसांनीं झाडावरच पिकूं लागेल. म्हणून केळीचा त्या दिवसाचा पुरवठा भाव कितीही बदलला तरी फारसा हलत नाहीं, आणि ताठ पुरवठ्याचा सारा धक्का भावासच सोसावा लागतो. आवक थोडी वाढली कीं भाव पुष्कळ पडतो. श्रावण, नवरात्र, रमजान यांत मागणी थोडी वाढली कीं भाव पुष्कळ चढतो. आणि आंबा बाजारांत आला कीं गिऱ्हाईक तिकडे वळतें. पुरवठ्याच्या या वांकण्या-न-वांकण्यासच शास्त्रांत 'लवचिकता' म्हणतात.

कापूस मात्र थांबूं शकतो, निदान थांबेलसा वाटतो. २०२१-२२ च्या हंगामांत कापसाचा भाव क्विंटलास दहा हजार रुपयांच्या वर गेला. तोच भाव पुन्हां येईल या आशेनें पुढील हंगामांत अनेकांनीं कापूस घराच्या ओटीवर, माजघरांत, मिळेल तेथें भरून ठेविला. भाव आला नाहीं. कापूस सुकून वजनास घटला, त्याचा रंग गेला, घरांत उंदीर व किडे झाले, आगीची धास्ती जिवास लागली ती निराळीच. कांहीं पंडित अशा शेतकऱ्यास लोभी म्हणाले. आम्हांस तसें वाटत नाहीं. व्यापारी आपल्या गोदामांत गांठी ठेवतो तेव्हां त्यास आपण धोरणी म्हणतों. मग तेंच शेतकऱ्यानें केलें तर तो लोभ कां ठरावा? त्याची चूक इतकीच कीं, थांबण्याचीही किंमत असते हें त्यानें मांडलें नाहीं. आज कापूस विकून मिळणाऱ्या रकमेनें जें कर्ज फिटलें असतें त्याचें व्याज, जें बी-खत रोखीनें स्वस्त मिळालें असतें तें, आणि मालाची घट, ही सर्व त्या थांबण्याचीच किंमत होय. एक गोष्ट केली म्हणजे दुसरी कोणती सोडली, तिचा लाभ पहिलीच्या खर्चांत धरावा, हें अर्थशास्त्राचें सर्वांत साधें व सर्वांत विसरलें जाणारें सूत्र आहे.

येथेंच या प्रश्नाचें मर्म आहे. थांबण्याची किंमत सर्वांस सारखी पडत नाहीं. ज्याजवळ भांडवल आहे, गोदाम आहे, बँकेंत पत आहे, त्यास महिनाभर थांबणें स्वस्त पडतें. ज्याच्या दारांत वसुलीचा माणूस उभा आहे, त्यास एक दिवसही महाग पडतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तेव्हां त्यानें केलेला सौदा स्वखुशीचा होता असें कागदोपत्रीं म्हणतां येतें, पण मनास पटत नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांची १८७९ सालीं धुळ्यास बदली झाली होती. हा प्रांत त्यांनीं जवळून पाहिलेला होता. पुढें १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं हेंच दाखवून दिलें कीं, विलायती ग्रंथकारांचे सिद्धांत कांहीं गृहीत गोष्टींवर उभे आहेत: प्रत्येकास आपलें हित कळतें, भांडवल व मजूर मोकळेपणें हिंडतात, करार करणारे दोघेही बरोबरीचे असतात. जेथें हीं गृहीतकें खरीं नाहींत, तेथें सिद्धांत जसाच्या तसा लावणें चूक होय. रानड्यांनीं शास्त्र टाकावयास सांगितलें नाहीं. तें आपल्या जमिनीवर तपासून घ्यावयास सांगितलें.

तसें तपासलें तर आमच्या बाजारांत दोष कोठें होता व आहे हें लगेच दिसतें. भाव सचोटीनें ठरावयाचा तर घेणारे अनेक हवेत, भाव सर्वांच्या देखत बोलला जावयास हवा, आणि वजन खरें हवें. यांपैकीं एकही गोष्ट जुन्या बाजारांत नव्हती. रुमालाखालीं हात घालून, बोटें दाबून अडत्या व खरीददार भाव ठरवीत; ज्याचा माल तो शेजारीं उभा राहून रुमालाकडे पाहात बसे. पुढें कडता, तोलाई, हमाली, धर्मादाय अशा नांवांनीं हिशेबांतून पैसे कापले जात. १९२७ सालीं मुंबई इलाख्यांत कापूसबाजाराचा कायदा झाला आणि त्याखालीं धुळ्यास नियंत्रित बाजार उभा राहिला. १९३९ सालीं सर्व शेतमालाचा कायदा आला, व १९६३ सालीं महाराष्ट्राचा स्वतःचा. या कायद्यांनीं रुमाल निघाला, उघडा लिलाव आला. ही सुधारणा लहान नव्हे. परंतु कायद्यानें बाजाराच्या आवारांत जें घालविलें तें आवाराबाहेर पुन्हां येतें. खेडा-खरेदींत कांटा कोणाचा व 'कट्टी' किती, हें विचारण्याची पाळी आजही येते. केळीचा भाव दररोज जाहीर होतो, पण बागेंत प्रत्यक्ष कापणी त्याहून कमी भावानें होते अशी ओरड रावेर-यावलकडे वारंवार ऐकूं येते. ज्या भावानें कोणी माल घेत नाहीं तो भाव नव्हे, फळ्यावरची अक्षरें होत. अशा अक्षरांनीं शेतकऱ्याची फसवणूक होतेच, पण जो व्यापारी खरा भाव देतो त्याचेंही नुकसान होतें, हें आमच्या व्यापारी बंधूंनीं ध्यानांत घ्यावें.

कोणी म्हणेल कीं, मग सरकारनेंच भाव ठरवून द्यावा म्हणजे भांडण मिटलें. तोही प्रयोग या महाराष्ट्रांत होऊन चुकला आहे. १९७१ च्या कायद्यानें कापसाच्या एकाधिकार खरेदीची योजना आली; शेतकऱ्यानें कापूस सरकारी यंत्रणेसच विकावयाचा असें ठरलें, आणि ती सुमारें तीन दशकें चालली. मंदीच्या सालांत तिनें अनेक घरें वांचविलीं, हें नाकारणें अन्यायाचें होईल. पण ज्या सालीं परप्रांतांत भाव अधिक, त्या सालीं कापूस रात्रीं सरहद्द ओलांडून जाई. ज्या सालीं बाहेर भाव कमी, त्या सालीं बाहेरचाही कापूस आंत येई. पाण्यास जसा उतार कळतो तसा मालास भाव कळतो. त्याला नाक्यावरच्या शिपायानें अडवितां येत नाहीं. तोटा वाढत गेला व योजना मावळली.

आधारभूत किंमतीची गोष्ट निराळी आहे. ती खालून दिलेला टेंकू आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठीं लांब धाग्याच्या कापसास क्विंटलमागें ८,११० रुपये व मध्यम धाग्याच्या कापसास ७,७१० रुपये असा भाव केंद्र सरकारनें जाहीर केला. त्याच सुमारास, १९ ऑगस्ट २०२५ पासून, परदेशी कापसावरील अकरा टक्के आयातकर उठविण्यांत आला व ती सूट पुढें त्या वर्षाच्या अखेरपर्यंत वाढविण्यांत आली. एका हातानें टेंकू दिला व दुसऱ्या हातानें बाहेरचा पुरवठा खुला केला. खुल्या बाजारांतील भाव अनेक ठिकाणीं आधाराच्या खालीं राहिला यांत नवल तें काय? सूतगिरण्यांस स्वस्त कापूस हवा हेंही खरेंच आहे. पण सरकारचा भाव बाजाराहून वर असेल तर उरलेला माल कोणी तरी घेतलाच पाहिजे. तो घेणारा कापूस महामंडळाचा माणूस केंद्रावर वेळेवर उभा नसेल, किंवा ओलाव्याच्या अटींत गाडी परत जात असेल, तर त्या आंकड्याचें मोल जाहीर केलेल्या केळीच्या भावाइतकेंच.

तर मग करावयाचें काय? आमच्या मतें, भाव हुकुमानें चढविण्याचा नाद सोडून विकणाऱ्याचें बळ वाढविण्याकडे लक्ष दिलें पाहिजे. त्यास थांबतां आलें पाहिजे, हें पहिलें. गोदामांत माल ठेवून त्याच्या पावतीवर कर्ज मिळण्याची सोय २००७ च्या कायद्यानें झालेली आहे. पण ती गांवोगांव पोंचली नाहीं, आणि जेथें पोंचली तेथेंही आम्ही तिचा उपयोग करीत नाहीं. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु मानांकनानें घड टिकत नाहीं, तो थंड गोदामांनीं, पिकवणीच्या सोयीनें व स्वच्छ भरणीनें टिकतो. त्यास एकाहून अधिक गिऱ्हाइकें मिळालीं पाहिजेत, हें दुसरें. त्यासाठीं एकेकट्यानें बाग दाखविण्यापेक्षां दहा जणांनीं मिळून सौदा करावा. त्यास बातमी वेळेवर कळली पाहिजे, हें तिसरें. सर्वांच्या खिशांत दूरध्वनि आहे. त्यावर रुईचा, सरकीचा व दिल्लीचा भाव रोज पाहणारा शेतकरी व्यापाऱ्याचा शत्रु होत नाहीं, बरोबरीचा गिऱ्हाईक होतो.

व्यापारी बंधूंस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, हें त्यांच्याही हिताचें आहे. खऱ्या कांट्याची व रोख पट्टीची ख्याति ज्या पेढीस आहे, तिच्या दारीं मंदींतही गाड्या येतात. आणि बुडालेल्या शेतकऱ्याच्या गांवांत कापडाचें दुकान, सराफाची पेढी व भांड्यांचें दुकान हीं तिन्ही ओस पडतात, हें कोणत्याही दुष्काळी सालच्या वह्या काढून पाहावें. शाळांनींही हें शास्त्र पुस्तकांतून काढून बाजारांत न्यावें. विद्यार्थ्यांना एक दिवस लिलावांत उभें करावें, एका घडाची बागेंतली व शहरांतल्या हातगाडीवरची किंमत लिहून घेण्यास सांगावें, व मधल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागावा. त्यांतला कोणता रुपया भाड्याचा, कोणता जोखमीचा, कोणता श्रमाचा आणि कोणता केवळ दुसऱ्याच्या अडचणीचा, हें ज्यास निवडतां येऊं लागलें तो अर्थशास्त्र शिकला. पिकतें तेथें विकत नाहीं, हा निसर्गाचा नियम असेल. परंतु पिकविणाऱ्यानें विकतांना आंधळें असावें, असा कोणताही नियम नाहीं.